ऑर्फाच्या रिकाम्या मधपेट्या

ऑर्फा बोझार्थ दर चार वर्षांनी आपल्या मधपेट्यांना रंग द्यायची. पांढरा रंग, दोन हात, आणि झाकणांवर नवा डांबरी कागद. पेट्या सात होत्या आणि साती पेट्यांत मिळून एक माशी नव्हती. आज नव्हती, काल नव्हती, एकोणीसशे बासष्टपासून नव्हती.

रिकाम्या पेट्या रंगवणाऱ्या बाईला कुणीही वेडी म्हटलं असतं. पण ऑल्डर मिल गावात तिला तोंडावर वेडी म्हणायची छाती कुणाची होती? अडुसष्टाव्या वर्षी स्वतःची लाकडं स्वतः फोडणारी बाई ती. क्रॅनबेरीच्या कारखान्यात एकतीस वर्षं उभं राहून बेऱ्या निवडल्या. तिथला मुकादम एकदा तिच्या कामाला नावं ठेवायला गेला, तर म्हणाली, "निवडून दाखव की मग. नाहीतर बाजूला हो, उजेड अडतोय." तो पुन्हा तिच्या टेबलाकडं फिरकला नाही. शिवाय पेट्या रिकाम्या आहेत हे माहीत होतं फक्त तिला, आणि आणखी एका माणसाला. त्या माणसाचं नाव तिच्या घरात घ्यायचं नव्हतं.

पेट्यांची युक्ती तिच्या बापाची, क्लेटन बोझार्थची. आमच्या पाइनच्या रानाला आग ही लागतेच. आपण नाही लावली तर ती उन्हाळ्यात आपल्या पायानं येते, आणि मग घरंदारं बघत नाही. म्हणून फेब्रुवारीत, वारा बेताचा आणि जमीन ओली असताना, आगवाले तुकड्यातुकड्यानं रानातला पाला जाळून घेतात. क्लेटनला ते मान्य होतं. त्यानं स्वतः तरुणपणी मशाल धरली होती. पण घरामागच्या उतारावर त्याला आग नको होती, कारण उतारावर त्याचे साप होते.

पाइनसाप. पांढऱ्या अंगावर काळे पट्टे, मनगटाएवढा जाड, पुरुषभर लांब. विष म्हणाल तर थेंबभर नाही, पण फुत्कारला की अंगातलं पाणी पळतं. हिवाळाभर ते उताराच्या पायथ्याला वाळूत खोल बिळं करून पडून राहतात. त्या बिळांची जागा आमच्याकडं जमिनीसारखी वारशानं जाते, पण सगळ्या मुलांना नाही, एकालाच. कारण शहरातून उशांचे अभ्रे घेऊन माणसं येतात आणि साप भरून नेतात. कुठल्यातरी हौशी माणसाच्या तळघरात काचेच्या पेटीत ठेवायला! ज्याच्या तोंडावर भरवसा असेल त्यालाच जागा सांगायची, आणि सरकारला तर मुळीच नाही. सरकार नकाशा काढतं, आणि नकाशा काय, आज ना उद्या कुणाच्याही हाती पडतो.

उतार कागदोपत्री सरकारचा झाला होता, पण क्लेटननं तिथं सात मधपेट्या नेऊन मांडल्या. आगवाले आले की तो दारात उभा राहून म्हणायचा, "पोरांनो, माझ्या माश्या आहेत हो तिथं." आगवाले टोपीला हात लावून वळसा घालायचे. शेजाऱ्याचा मध जाळायचा नाही एवढी रीत आमच्यात अजून आहे. त्यानं मुलीला बिळं दाखवली, पेट्यांचं गुपित सांगितलं, आणि काही वर्षांनी निश्चिंत मनानं डोळे मिटले. मुलाला, हार्लनला, त्यानं काही सांगितलं नाही. हार्लन तोंडाचा सैल. पण पायाचा हलका होता, बहिणीच्या मागोमाग जाऊन त्यानं सगळं आधीच बघून ठेवलं होतं.

आणि एकोणीसशे एकोणनव्वद साली, ट्रकचं इंजिन बसलं म्हणून, त्यानं त्यातले दोन साप फिलाडेल्फियाच्या एका माणसाला विकले.

ऑर्फाला कळायला आठवडाही लागला नाही. भावाच्या दारातल्या दोरीवर वाळत घातलेला अभ्रा दिसला. आतून वाळू लागलेला, बाहेरून धुतलेला. तिनं त्याच्याच अंगणात उभं राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं त्याला सुनावलं. "बापानं तुला सांगितलं नाही ते बरोबरच केलं! तुला दात घासायचा ब्रश सांभाळता येत नाही, तू साप काय सांभाळणार? आजपासून मला भाऊ नाही." हार्लन मान खाली घालून उभा राहिला. त्याची बायको रोवीना पुढं झाली, "ऑर्फा, अगं, बसून बोलू," म्हणाली. ऑर्फा तोवर फाटकाबाहेर गेली होती.

लोक म्हणाले, निवळेल वर्षभरात. कशाचं निवळतंय!

कारण दर एप्रिलमध्ये, ऊब आल्याच्या पहिल्या आठवड्यात, ऑर्फा उतारासमोर बादली पालथी घालून बसायची आणि बिळांतून उन्हाला बाहेर येणारे साप मोजायची. सकाळपासून दुपारपर्यंत, थर्मासातली कॉफी पीत. आकडा तळघराच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहायची. हार्लननं नेले त्या आधीच्या वर्षी तेवीस होते. मग एकवीस. ते समजण्यासारखं होतं, तेविसातून दोन गेले. पण पुढं एकोणीस झाले, मग सोळा, मग अकरा. दर वर्षी आकडा उतरायचा आणि दर वर्षी तिला हार्लनचं तोंड दिसायचं. एकदा उतारालगतच्या वाळूच्या रस्त्यावर तिला सापाची अंडी चिरडलेली सापडली, चाकाचे ठसे शेजारीच. तिनं मनाशी म्हटलं, बघ, आता गाडीच आणायला लागला मेला. तिनं फाटकाला साखळी लावली, रात्री-अपरात्री विजेरी घेऊन फेऱ्या मारल्या, पेट्यांना रंगाचा जास्तीचा हात दिला. चोर काही सापडला नाही. भांडणाला एकवीस वर्षं झाली त्या एप्रिलमध्ये तीनच साप बाहेर आले. ती अंधार पडेपर्यंत बसून राहिली. चौथा आलाच नाही.

त्याच वर्षी जुलैत मार्टा वोइचिक आली.

मार्टा सरकारच्या वन्यजीव खात्यातली, तिशीतली, बुटांना चिकटपट्टी लावलेली. तिनं दार वाजवलं नाही, सरळ उताराकडं गेली, आणि ऑर्फा धापा टाकत पोचेपर्यंत तिनं एका पेटीचं झाकण उचलून आत डोकावलंही होतं.

"ए पोरी! चावतील!"

"मिस बोझार्थ ना? माश्या कुठं आहेत?"

"झोपल्यात."

"जुलै महिन्यात?" मार्टानं पुन्हा आत बघितलं. "यात तर उंदरीण झोपलीय. पिलं पण आहेत पाच."

ऑर्फानं तिच्या हातातून झाकण ओढून घेतलं आणि दाणकन बसवलं.

मार्टा हसली नाही, हे तिनं बरं केलं. तिनं कागद उलगडला. या फेब्रुवारीत हा उतार जाळायचा ठरला होता. पन्नास वर्षं इथं आग फिरलेली नाही, पाला गुडघ्याला लागतोय, उन्हाळ्यात ठिणगी पडली तर ऑर्फाचं घर पहिलं जाईल. आग पलीकडं जाऊ नये म्हणून ट्रॅक्टरनं नांगरून जाळरेषा काढायची. ती रेषा मार्टानं बोटानं दाखवली, उताराच्या पायथ्यानं, इथून असं तिथपर्यंत.

बोट नेमकं बिळांवरून गेलं होतं. फेब्रुवारीत साप आत असणार, थंडीनं लाकूड झालेले, हलताही न येणारे. नांगराचा फाळ हातभर खोल जातो आणि ट्रॅक्टर वरून दाबतो तो वेगळाच.

"इथं नांगर घालायचा नाही," ती म्हणाली.

"का?"

"नाही म्हणजे नाही. मी आडवी पडेन."

"मिस बोझार्थ," मार्टा शांतपणे म्हणाली, "इथं पाइनसाप आहेत का?"

"साप? छे. मी तर बाई सापाला घाबरते."

मार्टानं तिच्याकडं बघितलं. मग खाली बसली आणि म्हणाली, "जरा हात द्या तुमचा." ऑर्फाला वाटलं हिला चक्कर आली की काय. पण मार्टानं पाइनच्या सुयांचा आणि ओकच्या पाल्याचा थर बाजूला केला, कोपरभर तरी होता, आणि ऑर्फाचा हात धरून खालच्या वाळूत मनगटापर्यंत खुपसला. भर दुपार, जुलैचं ऊन, आणि वाळू थंड आणि ओलसर होती, तळघरात असते तशी. मग मार्टा तिला वीस पावलांवरच्या वाळूच्या रस्त्यावर घेऊन गेली. तिथं पुन्हा तसाच हात घातला. तिथली वाळू ऊबदार होती, कोंबडीच्या पोटाखाली हात घातल्यासारखी.

"पाइनसापाची मादी अंडी घालायला उघडी, उन्हातली वाळू शोधते," मार्टा म्हणाली. "सावलीतल्या वाळूत अंडी उबत नाहीत. इथं साप असते, समजा हं, नुसतं समजा, तर त्यांना अंडी घालायला या उतारावर जागाच नाही. मग त्या रस्त्यावर घालतात, आणि गाड्या अंडी चिरडतात. किंवा जागा सोडून जातात. रस्त्यापलीकडं हरणांच्या शिकाऱ्यांच्या क्लबच्या रानात, जे दर चार वर्षांनी जळतं ना, तिथं आम्हाला मागच्या वर्षी अंड्यांची दोन बिळं मिळाली."

"आणि माणसं नेतात ते?"

"एखाददुसरा नेतात. वाईटच आहे ते. पण दर वर्षी थोडेथोडे कमी होत गेले असतील तर ते माणसाचं काम नाही. पिल्लं होत नाहीत आणि म्हातारे मरतात, असं ते गणित. मिस बोझार्थ? बसा जरा."

ऑर्फा तिथंच रस्त्याच्या कडेला बसली. तिला डोळ्यांपुढं तळघराचं दार दिसत होतं. एकोणीस, सोळा, अकरा. ते आकडे तिनं एका माणसाच्या नावावर लिहिले होते, आणि ते त्याचे नव्हते. आकडे पेट्यांचे होते. बापाचे आणि तिचे होते. आपल्याच हातानं दर चार वर्षांनी दोन हात रंग देऊन तिनं ते साप घालवले होते. हे तिला तिथं बसल्याबसल्या लख्ख कळलं.

मग ती म्हणाली, "अकरा बिळं आहेत. सात तरी उपयोगाची. नकाशावर टाकलंस तर तुझा गळा धरीन."

"नकाशावर नाही टाकणार. मला माहीत असेल आणि ट्रॅक्टरवाल्याला. त्याला सांगायलाच लागेल, नाहीतर तो वळवणार कुठून?"

"ट्रॅक्टरवर कोण?"

"दोघं आहेत. पण वीतभर अंतरावरून फाळ फिरवायचा तर एकच माणूस. हार्लन बोझार्थ." मार्टा थबकली. "तुमचे कुणी लागतात का?"

ऑर्फानं तोंड उघडलं. एकवीस वर्षं या प्रश्नाला तिचं एकच उत्तर ठरलेलं होतं.

"भाऊ आहे," ती म्हणाली.

भावाकडं जायला तिला सहा महिने लागले. घर तीन मैलांवर. ऑगस्टमध्ये ती निघाली आणि चर्चपासून परत आली. ऑक्टोबरमध्ये फाटकापर्यंत गेली. शेवटी जानेवारीत, मार्टानं जाळायचा आठवडा कळवल्यावर, तिच्यापुढं दुसरा रस्ताच उरला नाही. सोबत हकलबेऱ्या भरून भाजलेल्या गोड पोळीची ताटली घेऊन गेली, कारण मोकळ्या हातानं जायचं कसं.

हार्लननं दार उघडलं. तो म्हातारा झाला होता. ती त्याला पोस्टात, पेट्रोल पंपावर बघायची, पण बघून न बघितल्यासारखं करायची, त्यामुळं तो म्हातारा कधी झाला हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. आत एकच खुर्ची टेबलाला ओढलेली होती. रोवीना जाऊन सहा वर्षं झाली होती. मयताच्या दिवशी गाड्या ऑर्फाच्या दारावरून गेल्या, सावकाश, दिवे लावून. ती पडद्याआड उभी राहिली होती.

"हार्लन, सापांबद्दल," तिनं उंबऱ्यातूनच सुरू केलं. घरी पाठ केलेलं वाक्य होतं. "सापांबद्दल मी चुकले. तू नव्हते नेले."

"दोन नेले होते," हार्लन म्हणाला.

"ते दोन. बाकीचे नव्हते नेले."

"नव्हते."

"मग तेच. तेच सांगायला आले."

तो तिच्या हातातल्या ताटलीकडं बघत राहिला. "रोवीनाच्या वेळी आली असतीस तर..." तो म्हणाला. त्या दिवसाला आता कुठून धरून आणणार होती? तिनं ताटली कठड्यावर ठेवली, फेब्रुवारीत बिळं दाखवायला येईन म्हणाली, आणि गाडीत जाऊन बसल्यावर मग रडली. ओल्या डोळ्यांनी गाडी चालवत गेली आणि पत्रपेटीला धडकली. पत्रपेटी हार्लनचीच. उतरून तिनं ती सरळ उभी केली आणि तशीच घरी आली.

जाळायच्या दिवशी सकाळी जमिनीवर दहिवर होतं आणि वारा नावाला. मार्टा होती, आगवाले आठजण होते, आणि पिवळ्या ट्रॅक्टरवर हार्लन. ऑर्फानं आदल्या दिवशी बिळाबिळाशी काठ्या रोवून लाल चिंध्या बांधल्या होत्या. त्या कशाच्या, हे आगवाल्यांना सांगितलं नव्हतं. तरीही बापाची बिळं अशी उघड्यावर मांडताना तिला अंगावरचे कपडे काढून उभं राहिल्यासारखं वाटत होतं.

"पेट्यांचं काय करायचं?" एका आगवाल्यानं विचारलं. "हलवतो आम्ही. माश्यांना त्रास नको."

"माश्यांना विचार," ऑर्फा म्हणाली. "काही बोलल्या तर हलव."

त्यानं कान लावून ऐकलं. मग झाकण उचललं, मग तिच्याकडं बघितलं. आगवाल्यांत त्याचाच बाप आणि त्याच्या बापाचा बाप त्या पेट्यांना वळसा घालून गेलेले. "म्हणजे इतकी वर्षं आम्ही..." तो म्हणाला.

"इतकी वर्षं," ऑर्फा म्हणाली. "हं, लाग कामाला."

ट्रॅक्टर पायथ्यानं निघाला. ऑर्फा त्याच्या पुढं उलट्या पावलांनी चालत हातानं खुणा करत होती, डावीकडं घे, अजून घे, बस. हार्लन चिंधी आली की फाळ उचलायचा, वळसा घ्यायचा, पुन्हा टेकायचा. इतकं अलगद की चिंधी हलायची नाही. चार बिळं झाली, पाच झाली. सहावं मागं गेलं आणि ऑर्फानं पुढं सरळ जायची खूण केली. हार्लन सरळ गेला नाही. त्यानं फाळ उचलला, एका कुजलेल्या बुंध्याला चांगला दोन हातांचा वळसा घातला, आणि मगच सरळ झाला. तिथं चिंधी नव्हती. ऑर्फानं बुंध्याच्या मागं जाऊन बघितलं. सातवं बीळ. ती विसरली होती.

"तुला कसं माहीत?" ती ओरडली.

"काय?" हार्लननं कानाला हात लावला. ट्रॅक्टर घरघरत होता. तो पुढं निघून गेला.

मग आगवाल्यांनी जळतं तेल ठिबकवणाऱ्या मशालींनी वरच्या कडेनं आग लावली, वाऱ्याच्या उलट अंगानं, म्हणजे ती हळूहळू खाली उतरेल. आग काही मोठी नव्हती. घोट्याएवढी, कुठं कुठं गुडघ्याएवढी, पाला चाटत तडतडत येणारी. पण ऑर्फाला ती बघवत नव्हती. पन्नास वर्षं जिच्यापासून उतार राखला ती आग तिच्या डोळ्यांदेखत, तिच्याच होकारानं येत होती. आपण चुकलो असलो तर? या मुलीचं ऐकून शेवटचे तीनही गेले तर? सुयांच्या थरातून पांढरा दाट धूर निघाला आणि डांबराचा वास सुटला. पेट्या एकामागून एक पेटल्या. जुन्या रंगाचे थर फुगून फुटत होते. मार्टानं येऊन तिचा हात धरला. ऑर्फानं तो झिडकारला आणि थोड्या वेळानं आपणच धरला.

दुपारपर्यंत उतार काळा झाला. पाइनचे बुंधे करपले, पण आतून जिवंत होते. आमचा पाइन असल्या आगीला दाद देत नाही. ओकची बुटकी झुडपं मात्र गेली आणि उतारावर थेट जमिनीपर्यंत ऊन पडलं. ऑर्फानं तिच्या आयुष्यात तिथं एवढं ऊन बघितलं नव्हतं.

एप्रिलमध्ये ती बादलीवर बसली. तीन आत गेले होते, तीन बाहेर आले. काळ्या राखेवर पांढरे साप लांबूनही दिसत होते. चौथा आला नाही, पण तिघांतला एकही कमी झाला नाही. तळघराच्या दारावर तिनं तीनचा आकडा लिहिला, आणि त्या आकड्याकडं बघून शिव्या दिल्या नाहीत. एवढंच त्या वर्षी नवं होतं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी दहाच्या सुमाराला, उताराच्या मध्यावर उघड्या वाळूत तिला मादी दिसली. खणत होती. डोकं वाळूत खुपसायची, मान वाकवून त्या बाकात वाळू धरायची, मागं सरकत बाहेर आणून टाकायची, पुन्हा आत. पोट अंड्यांनी जड झालेलं. ऑर्फा जागच्या जागी थिजली. मग पाठ न फिरवता, पाऊल पाऊल मागं आली, गाडीत बसली, आणि तीन मैल सुसाट गेली. फोन करता आला असता, पण हार्लनचा नंबर तिला माहीत नव्हता.

अर्ध्या तासानं दोघं रस्त्याच्या बांधाला पोटावर पडून होते. बासष्ट आणि अडुसष्ट वर्षांची माणसं, कोपरं वाळूत रुतवून. मादी अजून खणत होती. फूटभर आत गेली असावी, नुसती शेपटी दिसायची, मग सगळीच बाहेर यायची.

"या बाजूला मीसुद्धा कधी बघितली नव्हती खणताना," हार्लन हळू म्हणाला.

"तू कधी बघायला आलास?"

"तू मोजून गेलीस की मी मोजायचो. दर एप्रिलला. तू दोनच्या सुमाराला उठायचीस. माझा ट्रक पलीकडं, क्लबच्या झाडीत असायचा."

ऑर्फानं मान वळवली.

"आकडा उतरायला लागला तेव्हा मला वाटलं खरंच कुणीतरी नेतंय. मी एकदा नेले तर तो फिलाडेल्फियावाला दुसऱ्या कुणाला पाठवत असेल. जागा त्याला माझ्यामुळंच माहीत झाली ना. मग आम्ही राखण करायला लागलो. मे-जूनमध्ये, शनिवार-रविवार. पंधराएक वर्षं बसलो असू. चोर काही मिळाला नाही."

"आम्ही म्हणजे?"

"रोवीना आणि मी. ती सँडविच करून आणायची. मी झोपून जायचो, ती जागी असायची." हार्लन वाळूतली एक काडी मोडत होता. "आजारी पडली त्या वर्षीसुद्धा आली. खुर्ची आणली होती तिच्यासाठी."

"मग सांगायचं ना मला! एकवीस वर्षं! एकदा येऊन सांगायचं ना, गाढवा!"

"आलो असतो तर दार उघडलं असतंस?"

हो म्हणावं, असं तिला फार वाटलं. त्या क्षणी तिनं त्या एका शब्दासाठी काहीही दिलं असतं.

"नाही," ती म्हणाली. "नसतं उघडलं."

"मी तेच म्हणायचो," हार्लन म्हणाला. "रोवीना म्हणायची, उघडेल. जाऊन तर बघ, उघडेल ती. शेवटपर्यंत म्हणायची."

ऑर्फानं दोन्ही हात तोंडावर दाबले. तिचे खांदे हलायला लागले, कोपराखालची वाळू घसरायला लागली. हार्लननं तिच्या पाठीवर हात ठेवला. उतारावर नजर तशीच होती त्याची.

"रड," तो म्हणाला, "पण आवाज करू नकोस. ती खणतेय."